सात खुणांचं नाव

आज एकच शब्द घ्यायचा आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसायचं. शब्द माझ्या गावाचा आहे: येळ्ळूर. जवळ कागद असेल तर तो हातानं, सावकाश लिहा. य काढा, वर मात्रा द्या. मग ळ. इथं हात क्षणभर थांबेल, कारण पुढं आणखी एक ळ आहे. पहिल्याचा पाय मोडायचा की दुसऱ्याला त्याच्याखाली घ्यायचं, हे ज्यानं त्यानं शाळेत जसं गिरवलं तसं ठरतं. मग दीर्घ ऊकार, शेवटी र. लिहून झालं की पेन खाली ठेवा आणि त्या जोड ळकडे नुसतं बघत राहा.

मीही तेच करतोय. रात्रीचे दहा वाजून गेलेत. बाहेर पाऊस आहे. राजहंसगडाचा आकार अंधारात विरघळलाय आणि खाली भाताच्या खाचरांत पाणी भरल्याचा आवाज तेवढा येतोय. टेबलावर लॅपटॉप आहे. त्यावर एका टूलकिटच्या येऊ घातलेल्या रिलीजचं बिल्ड चाललंय. एकेक फाइल संकलित होते, तिचं नाव पडद्यावर उमटतं आणि वर सरकून जातं. हे बिल्ड संपलं की जी खिडकी उघडेल तिच्यात मी हाच शब्द टाकणार आहे. गेली काही वर्षं प्रत्येक नव्या आवृत्तीला माझी परीक्षा हीच असते.

टूलकिट म्हणजे काय, ते आधी शांतपणे मनात येऊ द्या. संगणकावर तुम्ही बटण दाबता, यादीतून नाव निवडता, चौकटीत पत्ता लिहिता. हे बटण, ही यादी, ही चौकट प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणारा नव्यानं घडवत नाही. ती तयार मिळतात, आणि ती पुरवणारा संच म्हणजे टूलकिट. अशा काही संचांवर एकदाच लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजवर, लिनक्सवर आणि मॅकवर चालतो. डब्ल्यूएक्सविजेट्स हा त्यांतला एक जुना संच. 1992 साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी तो सुरू केला. त्यांना एकच साधन युनिक्सच्या यंत्रांवर आणि विंडोजवरही चालवायचं होतं, आणि बाजारातले तसे संच त्यांच्या खर्चात बसत नव्हते. गरजेपोटी सुरू झालेलं हे काम तीस वर्षांहून अधिक काळ टिकलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

या संचाची एक रीत मला फार जवळची आहे. तो आपलं बटण आपण रंगवत बसत नाही. विंडोजवर गेला की विंडोजकडून बटण मागून घेतो, मॅकवर मॅककडून, लिनक्सवर बहुधा तिथल्या जीटीके या संचाकडून. क्यूटीसारखे दुसरे संच बरंचसं स्वतः रंगवतात, आणि त्या वाटेलाही तिचे फायदे आहेत. पण ज्याच्या घरी गेलो त्याच्या घरची रीत पाळायची आणि काम मात्र आपलं करायचं, हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, बेळगावच्या बाजारात समोरचा बोलेल ती भाषा. विंडोजवर ‘ओके’ आधी येतं आणि ‘कॅन्सल’ नंतर, मॅकवर ‘ओके’ उजव्या टोकाला जाऊन बसतं. टूलकिट ही अदलाबदल स्वतः सांभाळतं. पण सगळंच बदलत नाही. बघा, निघताना मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो आणि कन्नड माणूस ‘बर्तीनि’. त्याचाही अर्थ ‘येतो’ असाच. निरोपाला येण्याचा शब्द वापरायचा, हे दोन्ही भाषांनी कधी ठरवलं कोण जाणे. या एका शब्दापाशी थोडं थांबा. मला इथं नेहमी थांबावंसं वाटतं.

आता पुन्हा येळ्ळूरकडे या.

संगणकाला या नावात सात खुणा दिसतात: य, एकार, ळ, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ळ, दीर्घ ऊकार, र. युनिकोडमध्ये त्या प्रत्येकीला आपापला क्रमांक आहे. यूटीएफ-8 पद्धतीनं साठवलं तर प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे माझं गाव एकवीस बाइटांत मावतं. तोंडानं म्हणाल तर अक्षरं तीनच: ये, ळ्ळू, र. यंत्रानं कुठे तोडायचं? शब्दाचे तुकडे पाडण्याचा युनिकोडचा जुना नियम या नावाचे चार तुकडे करत असे, कारण तो दोन ळंच्या मधोमध रेघ ओढायचा. 2023 साली आलेल्या 15.1 आवृत्तीत नियम सुधारला आणि देवनागरीतलं जोडाक्षर अखंड धरलं जाऊ लागलं. आता तुकडे तीन. आमच्या आजीनं मोजले असते तेवढेच.

ळचं आणखी एक सांगतो, हे सावकाश ऐका. देवनागरी ळचा युनिकोड क्रमांक 0933 आहे. कन्नड ळचा 0सीबी3. देवनागरीच्या ओळीत ळ ज्या जागी बसतो, कन्नडच्या ओळीत बरोबर त्याच जागी कन्नड ळ बसतो. दोन्ही ओळींची आखणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून झाली आणि तिच्यात प्रमुख भारतीय लिप्या एकाच साच्यात मांडल्या होत्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही तसंच. शिफ्ट धरून एन दाबा: मराठी निवडलेली असेल तर मराठी ळ उमटेल, कन्नड निवडलेली असेल तर कन्नड ळ, बोट हलवायची गरज नाही. फरक जोडणीत आहे. कन्नडात दुसरा ळ पहिल्याच्या खाली उतरतो, त्याला शाळेत ओत्तक्षर म्हणतात. देवनागरीत काही फॉन्ट तसंच करतात, काही पाय मोडून शेजारी ठेवतात.

ही मांडामांड करणारं यंत्र प्रत्येक घरी वेगळं. विंडोजवर ते काम वर्षानुवर्षं यूनिस्क्राइब करत आलं, मॅकवर कोअर टेक्स्ट करतं, लिनक्सवर हार्फबझ. म्हणून एकाच प्रोग्रॅममधलं एकच नाव तीन ठिकाणी तीन वेगळ्या हातांनी लिहिलं जातं. त्यातला एखादा हात चुकला की ऊकार दुसऱ्याच अक्षराखाली जातो, किंवा मोडलेला पाय लोंबकळत राहतो. विंडोज एक्सपीच्या दिवसांत इंग्रजी मांडणीच्या यंत्रावर देवनागरीचा आधार वेगळा बसवावा लागे. तो नसला की आमचं गाव तुटक्या काड्यांसारखं दिसायचं. आणि त्याही आधीच्या, युनिकोड न जाणणाऱ्या बिल्डमध्ये तर नावच नसायचं. डब्ल्यूएक्सच्या 2.8 पर्यंत युनिकोडचं एक बिल्ड आणि जुन्या संकेतांचं दुसरं, असे दोन संसार होते. दुसऱ्यात येळ्ळूर टाकलं की विंडोजवर सात प्रश्नचिन्हं यायची. सात खुणा, सात प्रश्नचिन्हं, हिशेब अगदी बरोबर. 2013 च्या नोव्हेंबरात 3.0 आली, तिच्यात दोन्ही संसार एकत्र आले आणि युनिकोड हीच नेहमीची वाट झाली.

ती सात प्रश्नचिन्हं क्षणभर डोळ्यांसमोर आणा. कुणाच्याही गावाच्या जागी आणा. मग त्यांच्या जागी तुमचं अक्षर परत येऊ द्या. हे परत येणं फुकट झालेलं नाही. विंडोजबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. जीटीकेच्या 2.0 आवृत्तीत, 2002 साली, मजकूर मांडणारं पॅन्गो आलं. पुण्यात रेड हॅटच्या कचेरीत लोहित फॉन्टांवर आणि मराठी भाषांतरांवर माणसं वर्षानुवर्षं बसली. आपण चौकटीत नाव टाकतो आणि ते नीट दिसतं, तेव्हा यातलं कुणी आठवत नाही. आज आठवू या.

बिल्ड अजून चाललंय. या वेळात मी दुसरं काम उघडतो, आणि खरं सांगायचं तर माझं मन याच कामात आहे: डॉक्युमेंटेशन. नवी आवृत्ती निघताना सगळ्यांचं लक्ष नव्या सोयींकडे असतं. पण ती आवृत्ती परक्या माणसाच्या हातात पडते तेव्हा त्याच्यासमोर आधी सोयी नसतात. समोर एक सूचनांचं पान असतं: हे उतरवा, इथं उघडा, ही कमांड द्या. ते पान चुकलं तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

एका मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा माझ्याकडे आला. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. एका प्रकल्पाचा संच त्यानं उतरवून घेतला होता, बिल्ड होत नव्हतं. तीन संध्याकाळ तो एकटाच झगडला होता. चेहरा उतरलेला. “काका, लिहिलंय तस्संच केलंय की. मलाच जमत नाही वाटतं.”

मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्यानं केलेली प्रत्येक पायरी पुन्हा केली. त्यानं खरंच लिहिल्याप्रमाणेच केलं होतं. पानावर म्हटलं होतं की स्रोत उतरवा. त्यानं गिटहबवर आपोआप तयार होणारी झिप उतरवली, कारण समोर तीच दिसत होती. पण त्या प्रकल्पात चित्रांसाठी, फाइलींच्या आकुंचनासाठी लागणारी इतर लायब्ररी सबमॉड्यूल म्हणून जोडलेली होती. सबमॉड्यूल म्हणजे दुसऱ्या भांडाराकडे दाखवलेलं बोट. आपोआप बनणाऱ्या झिपमध्ये त्यांचे फोल्डर येतात, आत काहीच नसतं. त्यासाठी प्रकल्पाचे लोक रिलीजच्या वेळी सगळं भरून स्वतंत्र संग्रह बनवतात आणि शेजारीच ठेवतात. कुठला घ्यायचा हे त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. जे लिहीत होते त्यांना ते इतकं ठाऊक होतं की लिहायची गरजच वाटली नसावी.

आम्ही दुसरा संग्रह उतरवला. बिल्ड झालं. मुलगा हसला आणि गेला. मी मात्र बसून राहिलो. तीन संध्याकाळ गेल्याचं दुःख नव्हतं, तेवढा वेळ कुणाचाही जातो. तो ‘मलाच जमत नाही’ म्हणाला, ते मनात रुतलं. चूक पानाची होती आणि ती त्यानं स्वतःच्या अंगावर घेतली. अशी किती मुलं परत गेली असतील? ज्यांच्या गल्लीत विचारायला कुणी नाही, ती?

त्या रात्री मी एक वाक्य लिहून पाठवलं: आपोआप बनलेली झिप घेऊ नका, रिलीजबरोबर दिलेला संग्रह घ्या, कारण असं असं. ते स्वीकारलं गेलं. माझ्या हातून झालेल्या सगळ्या तांत्रिक कामात ते एक वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं.

तुम्ही या धंद्यातले असाल किंवा नसाल, तुमच्या हातून कधीतरी सूचना लिहिल्या जातातच. औषध कसं घ्यायचं, मोटार कशी सुरू करायची, पाहुण्यानं स्टँडवरून घरी कसं यायचं. अशी एखादी सूचना आठवा. आता ती परक्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचा. ‘मग डावीकडे वळा’ असं लिहिलंय, पण कशानंतर डावीकडे? सरावलेल्या हाताची हीच अडचण असते. गाळलेली पायरी मन आपोआप भरून टाकतं आणि डोळा पुढं सरकतो. मी त्यासाठी एक करतो. लॅपटॉपवर नवं खातं उघडतो, त्यात माझं काहीही ठेवत नाही, आणि पानावर जेवढं लिहिलंय तेवढंच करतो. एक अक्षर जास्त नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा दुसऱ्याच पायरीला अडकलो.

डब्ल्यूएक्सचं संदर्भपुस्तक डॉक्सिजन नावाच्या साधनानं तयार होतं. त्याचा मजकूर प्रत्यक्ष कोडपासून वेगळ्या, केवळ वर्णनासाठी ठेवलेल्या फाइलींत लिहिलेला असतो. त्यात एक छोटी खूण असते, ‘सिन्स’. ही सोय कुठल्या आवृत्तीपासून आहे, एवढंच ती सांगते. रिलीजच्या धांदलीत ती लिहायची राहून जाते आणि तिचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. 3.2 आवृत्ती 2022 च्या जुलैत आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू 22.04 या लिनक्सच्या भांडारात मात्र 3.0 च आहे, आणि अशी उबुंटू कित्येक वर्षं वापरात राहते. बेळगावच्या एखाद्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बसलेली मुलगी नवं पुस्तक उघडते, त्यातली सोय वापरते, आणि तिचं यंत्र म्हणतं की असं काही नाहीच. ‘3.1 पासून’ एवढे दोन शब्द तिथं असते, तर तिला लगेच कळलं असतं की कमी तिच्यात नाही, यंत्रावरची आवृत्ती जुनी आहे.

भाषांतराचंही असंच होतं, फक्त जास्त गुपचूप. गेटटेक्स्टच्या फाइलीत मूळ इंग्रजी वाक्याखाली मराठी वाक्य असतं. इंग्रजी वाक्यात कुणी एखादा स्वल्पविराम जरी बदलला, तरी त्याखालच्या मराठीवर ‘फझी’ असा शिक्का पडतो आणि तयार बिल्डमध्ये ते येतच नाही, इंग्रजी दिसतं. मराठी कुणी पुसलेली नसते, ती फक्त बाजूला ठेवलेली असते. म्हणून लिनक्सचा पडदा घडवणाऱ्या नोम प्रकल्पात रिलीजआधी काही काळ इंग्रजी वाक्यांना हात लावायला बंदी असते, भाषांतर करणाऱ्यांना गाठता यावं म्हणून. ती बंदी पाळणारा माणूस, माझ्या मते, दूरच्या भाषेचा मान राखत असतो.

बाकीची कामं चटकन सांगतो. आवृत्तीचा आकडा हेडरमध्ये, कॉन्फिगरमध्ये, डॉक्सिजनच्या फाइलीत, सगळीकडे एकच असावा लागतो. बदलांच्या यादीत जुनं काय मोडणार आहे ते सर्वांत वर लिहावं लागतं. विंडोजसाठीची तयार बिल्डं कंपायलरनुसार निरनिराळी करावी लागतात. शेवटी संग्रहाचा शा-256 हिशेब काढून शेजारी ठेवतात, चौसष्ट अंकाक्षरांचा. संग्रहातला एक कण जरी बदलला तरी तो हिशेब ओळखू येणार नाही इतका बदलतो. मी तो चौसष्टही अक्षरं वाचून ताडून बघतो. साधन हे काम पळात करतं, तरी एकदा डोळ्यांनी बघतो. जपाच्या माळेसारखं मन तिथं स्थिर होतं.

“अजून निजला नाहीस? काय करूलास इतक्या रातीला?” आई दारात उभी आहे.

“आपल्या गावाचं नाव बघूलोय गं. नीट येतंय काय ते.”

ती काही विचारत नाही. इथं गावाचं नाव नीट येतंय का हे बघणं कुणाला वेडेपणाचं वाटत नाही. गाव कर्नाटकात आहे, आणि 2014 च्या जुलैत आमच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा पाडला गेला आणि गावात लाठीमार झाला. त्या दिवसांबद्दल बरंच बोलून झालंय, मी इथं त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की लिहिलेल्या एका ओळीचं वजन किती असतं, हे येळ्ळूरमध्ये लहान मुलालाही ठाऊक आहे. दरवर्षी इथं मराठी साहित्य संमेलन भरतं, तेही त्याच वजनापायी. आणि शेजारच्या कन्नड घरातल्या मुलाला त्याच्या लिपीत त्याचं गाव अखंड दिसावं, ओत्तक्षर जागच्या जागी उतरावं, हेही मी त्याच बैठकीत तपासतो. तीच कळ, तोच शिफ्ट, तोच एन.

आता डोळे मिटलेत तर मिटू द्या. ती सात प्रश्नचिन्हं, तो मुलगा, ती प्रयोगशाळेतली मुलगी, बाजूला ठेवलेलं मराठी वाक्य, एकेक करून येऊ द्या आणि जाऊ द्या. घाई नाही. बिल्डलाही घाई नाही.

बारा वाजायला आले आणि शेवटची ओळ आली. चूक नाही. मी खिडकी उघडली, चौकटीत नाव टाकलं. लिनक्सवर येळ्ळूर अखंड आलं. शेजारच्या जुन्या विंडोजवर मजकूर नीट आहे, पण बटणावर ऊकाराचं टोक खालून थोडं कापलं जातंय. त्याचं चित्र काढून, पायऱ्या लिहून ते आत्ताच पाठवलं. मॅक माझ्याकडे नाही. तिथं काय दिसतं ते मला बघता येत नाही. तुमच्याकडे असेल, तर पुढची आवृत्ती निघण्याआधी तिची चाचणीची प्रत उतरवा, रिलीजबरोबरचा संग्रह घ्या, आणि चौकटीत तुमच्या गावाचं नाव टाका. चुकलं तर काय केलं ते पायरीपायरीनं लिहून कळवा.